अमेरिकेच्या इमिग्रेशन मेडिकलला लसी कोणत्या लागतात, आणि जायच्या आधी इथंच काय करून ठेवायचं

उदगीरहून एका दादांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. बहिणीनं २००६ साली फाइल केलेली भावंडांच्या कॅटेगरीतली म्हणजे एफ-४ ची केस आता हलली, मुंबईच्या इंटरव्ह्यूची तारीख कधीही येईल. घरात चौघं, स्वतः ४३, बायको ३७, मुलगी १३ आणि मुलगा ७. मुलीचं लसीचं कार्ड घर बांधताना कुठं गेलं पत्ता नाही, मुलाचं आहे पण सगळं सरकारी दवाखान्यातलं, आणि नवरा-बायकोकडं कागद म्हणून काहीच नाही. एजंट म्हणायलाय की सगळ्या लसींचे सगळे डोस पूर्ण झाल्याशिवाय मेडिकल पास होत नाही, सहा महिने लागतील. मेहुणा म्हणतो काही लागत नाही, तिथंच टोचतात. खरं काय?

दोघंही अर्धं बरोबर सांगायलेत. मी लातुरात लेकरांचा दवाखाना चालवतो, लसीकरणाचं काम रोजचंच, आणि आपल्याकडच्या लोकांची लेकरं-भावंडं तिकडं सेटल झाल्यापासून दर महिन्याला एखादं कुटुंब असली फाइल घेऊन येतंच. मी पॅनेल डॉक्टर नाही हे आधी सांगतो, म्हणजे तुमचं मेडिकल मी करू शकत नाही, ते अमेरिकन वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरकडंच करावं लागतं. पण तिकडं जायच्या आधीची तयारी नीट झाली की निम्मा ताण जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सगळे डोस पूर्ण पाहिजेत हे चूक आहे. अमेरिकेच्या कायद्यात १९९६ पासून कायमच्या व्हिसाला लसींचा पुरावा लागतो हे खरं. पण मेडिकलच्या दिवशी बघतात काय, तर तुमच्या वयाला लागू असलेल्या प्रत्येक लसीचा निदान एक डोस तरी झालेला आहे का, आणि पुढचा डोस द्यायची वेळ झाली असेल तर तोही झालाय का. हिपॅटायटीस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्याला असतात, तुम्ही पहिला घेऊन पंधरा दिवसांनी मेडिकलला गेलात तर डॉक्टर फॉर्मवर लिहितो की पुढच्या डोसला अजून अंतर पूर्ण झालेलं नाही, आणि त्यावर सरसकट सूट मिळते. त्याला वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही, डॉक्टर एक खूण करतो, झालं. उरलेले डोस अमेरिकेत गेल्यावर घ्यायचे. तेव्हा सहा महिने थांबायचं काहीच कारण नाही, एजंटला हे वाचून दाखवा.

आणि मेहुण्याचं. तिथंच टोचतात हे खरं आहे, ज्या लसी कमी पडतात त्या पॅनेल डॉक्टर देतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. पण घरात पुरेसे कागद नाहीत म्हणून सगळंच तिथं घ्यायचं ठरवलं तर एका दिवसात एकेकाला चार-चार सुया, बिल पण तसंच, आणि संध्याकाळी लेकराला ताप आलेला असताना परतीची गाडी पकडायची. कशाला?

ज्या फॉर्मवर हे सगळं भरलं जातं त्याचा नंबर डीएस-३०२५, लसीकरणाचा तक्ता म्हणा. त्यात प्रत्येक लसीसमोर तारखांचे रकाने असतात, जुन्या डोसच्या तारखा, त्या दिवशी दिलेला डोस, आणि सूट असेल तर तिचं कारण. आता या तारखा कुठून येतात? तुमच्या कागदावरून. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात, आमच्या आईनं सांगितलंय" याला तिथं शून्य किंमत. तारीख पाहिजे आणि ती कुणीतरी दवाखान्यानं किंवा सरकारी आरोग्य खात्यानं लिहिलेली पाहिजे. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, लस टोचायला पळू नका, आधी कागद गोळा करायला पळा.

कागद कुठं सापडतात ते सांगतो कारण यात लोक लवकर हात टेकतात. मुलीचं कार्ड हरवलं म्हणता, तर तिचा जन्म जिथं झाला तिथल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सिस्टरकडं लसीकरणाचं रजिस्टर असतं, आशाताईला सोबत घेतलं तर काम लवकर होतं कारण गावातलं कोणतं लेकरू कोणत्या महिन्याचं हे तिला पाठ असतं. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडेलच असं नाही, पण सापडलं तर त्यावरून मेडिकल ऑफिसरच्या सही-शिक्क्यानं नवीन दाखला करून घ्या, त्यात जन्मतारीख आणि नाव पासपोर्टप्रमाणं लिहायला सांगा. नावाचा घोळ आपल्याकडं लई असतो, कार्डावर "बाळ" किंवा "बेबी ऑफ अमुक" एवढंच लिहिलेलं असतं, किंवा कार्डावर पाळण्यातलं नाव आणि पासपोर्टवर शाळेतलं. असं असलं तर जन्मदाखला सोबत ठेवा ज्यावर आईचं नाव जुळतं. खाजगी दवाखान्यात एखादी-दुसरी लस दिली असेल तर तिथलीही फाइल मागा, आम्ही लेकरांचे डॉक्टर या नोंदी बरीच वर्षं ठेवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली होती, ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या लेकरांना शाळेत-अंगणवाडीत सुई दिली, तुमची मुलगी तेव्हा पहिलीच्या आसपास असणार, तिलाही मिळाली असणार. त्याचं छोटं कार्ड दिलं होतं, जुन्या दप्तरात, शाळेच्या फाइलीत बघा.

आता मुलाचं, कारण इथं खरी गंमत आहे आणि बहुतेक लोकांना, खरं सांगायचं तर काही डॉक्टरांना पण हे माहीत नसतं. सरकारी कार्ड पूर्ण भरलेलं असलं तरी अमेरिकेच्या हिशोबानं ते पूर्ण नसतं. यात आपल्या सिस्टरची काहीच चूक नाही, आपलं वेळापत्रक आपल्या रोगांच्या हिशोबानं केलेलं आहे, त्यांचं त्यांच्या. फरक कुठं पडतो ते बघा.

गालफुगी. आपल्या सरकारी वेळापत्रकात एमआर मिळते, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यांना एमएमआर पाहिजे, म्हणजे त्यात गालफुगी पण. एमआरचे दोन डोस झालेल्या लेकराचा गालफुगीचा रकाना रिकामाच राहतो. शिवाय आपल्याकडं एमआरचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि त्यांचा नियम असा की पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस मोजायचाच नाही (चार दिवसांची ढिलाई देतात, तेवढीच). म्हणजे कार्डावर दोन असले तरी त्यांच्या लेखी गोवराचा एकच, तो १६ ते २४ महिन्याचा. तेव्हा मुलाला एमएमआर द्यावीच लागणार. ती आपल्याकडं खाजगीत सहज मिळते, पुण्याच्या सीरमची ट्रेसिव्हॅक लातुरात कुठल्याही लेकरांच्या डॉक्टरकडं फ्रिजमध्ये असतेच. एक डोस आता, दुसरा निदान २८ दिवसांनी.

दुसरं, हिपॅटायटीस बी. मुलाला जन्मताना एक आणि मग पेंटाव्हॅलंटमधून (पाच रोगांची मिळून एक लस) दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला असे तीन, एकूण चार झालेले असतात. वाटतं की भरपूर झालं. पण त्यांच्या नियमात शेवटचा डोस वयाची २४ आठवडे पूर्ण झाल्यावरच पाहिजे, आणि आपला शेवटचा १४ आठवड्याला होऊन जातो. म्हणून चार डोस असूनही आणखी एक लागतो. मी एका आज्जींना हे समजावताना त्या म्हणल्या, "चार सुया झाल्या तरी यांचं पोट भरंना का?" आता काय सांगायचं, नियम त्यांचा, पोरगं आपलं. एक डोस द्यायचा आणि विषय संपवायचा, जास्तीच्या डोसनं काही बिघडत नाही.

तिसरं कांजिण्या. ही लस सरकारीत नाहीच. लेकराला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर लस लागत नाही, पण पॅनेल डॉक्टर विचारपूस करतो, कधी झाल्या, अंगावर कशा उठल्या, घरात अजून कुणाला होत्या का, आणि त्याला पटलं तर तो "आजार होऊन गेला" अशी नोंद करतो. त्या वेळी आमच्यासारख्या डॉक्टरला दाखवलं असेल आणि चिठ्ठी असेल तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडं बऱ्याच घरात कांजिण्या आल्या की दवाखान्यात नेतच नाहीत, लिंबाचा पाला अंथरून, देव्हाऱ्यापुढं नारळ ठेवून घरीच काढतात, मग चिठ्ठी कुठली असणार. अशा वेळी सरळ जे आठवतं ते सांगायचं, साल सांगायचं. रक्ताची टेस्ट करून पण प्रतिकारशक्ती दाखवता येते, तो रिपोर्ट चालतो. पण टेस्टचे पैसे आणि लसीचे पैसे यांचा हिशोब आधी करा. मोठ्या माणसाला ज्याला पक्कं आठवतंय की होऊन गेल्यात त्याला टेस्ट परवडते, लहान लेकराला सरळ लसच द्यावी असं माझं मत.

पोलिओचे डोस मुलाच्या कार्डावर असतीलच, ते दाखवायचे, त्यातले किती धरायचे ते पॅनेल डॉक्टर ठरवतो. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पाजलेले थेंब कार्डावर लिहिलेले नसतात, ते विसरून जा. डीपीटीचे म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचे तीन (ते पेंटाव्हॅलंटमधूनच होतात) आणि दीड वर्षाचा आणि पाच वर्षाचा बूस्टर असे पाच झाले असतील तर मुलाला तिथं सुट्टी. पाच वर्षाचा बूस्टर बऱ्याच लेकरांचा राहून गेलेला असतो, कार्ड काढून आधी तेच बघा.

बीसीजीचा म्हणजे टीबीच्या लसीचा व्रण दाखवायला लोक दंड उघडतात, पण बीसीजी त्यांच्या यादीत नाहीच.

मुलगी १३ ची आहे म्हणून तिला एक जास्तीची लस, मेनिन्जायटीसची, ११ ते १८ वयाला लागते. ही महाग आहे आणि आमच्याकडं रोज खपत नाही म्हणून लातूर-नांदेडात बऱ्याचदा ऑर्डर देऊन मागवावी लागते. ही तिथं पॅनेल डॉक्टरकडंच घेतली तरी चालेल. बाकी तिला एमएमआर, कांजिण्या, हिपॅटायटीस बी, पोलिओ आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची मिळून टीडॅप. कागद सापडले तर यातलं बरंच कमी होईल, नाही सापडले तर पहिल्यापासून सुरू करायचं, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. एचपीव्हीची लस (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची) पूर्वी यादीत होती, २००९ च्या शेवटी काढली. मुलीला ती द्यावीच असं डॉक्टर म्हणून माझं म्हणणं आहे, पण व्हिसासाठी ती लागत नाही.

आता तुम्ही दोघं. मोठ्या माणसाची यादी छोटी असते. टीडॅप किंवा टीडी (धनुर्वात-घटसर्प), एमएमआर, कांजिण्या, हिपॅटायटीस बी, आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये मेडिकल असेल तर त्या सीझनची फ्लूची सुई. हिपॅटायटीस बी ५९ वर्षांपर्यंतच मागतात. एमएमआर ज्यांचा जन्म १९५७ किंवा त्यानंतरचा आहे त्यांना लागते, त्याच्या आधी जन्मलेल्यांना गोवर-गालफुगी होऊनच गेलेली आहे असं धरतात.

इथं एक गोष्ट सगळ्यांचीच चुकते. खिळा लागला, पत्रा लागला, शेतात विळा लागला की आपण टीटी घेतो, आणि बायांना गरोदरपणात टीटी दिलेलं असतं. त्याच्या चिठ्ठ्या लोक जपून आणतात. पण नुसत्या टीटीत घटसर्प नसतो, त्यांना धनुर्वात आणि घटसर्प दोन्ही पाहिजेत. तेव्हा टीटीची चिठ्ठी असली तरी टीडॅप घ्यावी लागते. अलीकडं सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी आली आहे, ती मात्र चालते, म्हणून चिठ्ठीवर सिस्टरला नीट "टीडी" असं लिहून घ्यायला सांगा, सवयीनं टीटीच लिहितात. टीटी घेऊन वर्षही झालं नसेल तर तेही मला किंवा तिथल्या डॉक्टरला सांगा, धनुर्वाताचे डोस लागोपाठ पडले की दंड चांगलाच सुजतो.

वहिनींसाठी महत्त्वाचं. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी आहेत, दिवस गेलेले असताना देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान एक महिना दिवस राहू नयेत. पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करून घ्या, संकोच करू नका. गरोदर असल्या तर या दोन लसींना आपोआप सूट मिळते, त्यासाठी व्हिसा अडत नाही. ज्यांना कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, जास्त डोसचे स्टिरॉइड चालू आहेत, किडनी बदललेली आहे अशांनाही जिवंत लस देत नाहीत, त्यांनी आपल्या डॉक्टरचं पत्र सोबत न्यावं, औषधांची नावं आणि डोस लिहिलेलं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून मात्र कोणतीच लस टाळायची गरज नसते, उलट शुगरवाल्यांनी फ्लूची घ्यावीच.

जिवंत लसींचा अजून एक नियम, आणि हा पाळला नाही तर तारखा कोलमडतात. एमएमआर आणि कांजिण्या एकतर एकाच दिवशी घ्यायच्या, दोन वेगवेगळ्या दंडात, नाहीतर दोन्हींत निदान २८ दिवस सोडायचे. आज एमएमआर आणि दहा दिवसांनी कांजिण्या घेतली तर दुसरी धरत नाहीत, परत घ्यावी लागते. कधी कधी मेडिकल स्टोअरवाला म्हणतो एकच शिल्लक आहे दुसरी पुढच्या आठवड्यात येईल, मग लोक एक टोचून घेतात. घेऊ नका. दोन्ही आल्यावर एकदाच घ्या.

याच्याच जोडीला टीबीची तपासणी. १५ वर्षं आणि त्याच्या वरच्यांचा छातीचा एक्स-रे होतो, आणि २ ते १४ च्या लेकरांचं रक्त घेऊन आयजीआरए नावाची टेस्ट होते, कारण भारतात टीबी जास्त आहे. म्हणजे तुमच्या दोन्ही लेकरांची ती होणार. आता एमएमआर घेतल्यावर काही आठवडे या टेस्टचा निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून एमएमआर एकतर टेस्टचं रक्त घेतल्यानंतर त्याच दिवशी द्यायची, नाहीतर टेस्टच्या आधी निदान चार आठवडे, मी तर सहा धरतो, उरकून टाकायची. मेडिकलच्या आठ दिवस आधी घाईनं लेकराला एमएमआर टोचून नेलं की तिथला डॉक्टर टेस्ट पुढं ढकलू शकतो, म्हणजे परत चकरा. आयजीआरए पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरायचं नाही, बीसीजीमुळं ती पॉझिटिव्ह येत नाही हे खरं, पण पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झाला असंही नाही, मग एक्स-रे काढतात, तो साफ असला आणि लेकरू ठणठणीत असलं तर व्हिसा अडत नाही. खरं अडतं ते मोठ्या माणसाच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला तर, कारण मग तीन दिवस तीन बेडके तपासतात आणि कल्चरला, म्हणजे त्यात टीबीचे जंतू वाढतात का ते बघायला, आठ आठवडे लावतात, त्याला इलाज नाही. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेलाय त्यांनी सरकारी कोर्सचं ट्रीटमेंट कार्ड आणि जुने एक्स-रे जरूर न्यावेत. लपवू नका, डाग फिल्मवर दिसतोच.

मग इथं काय करायचं आणि तिथं काय. इंटरव्ह्यूची तारीख आली की साधारण महिनाभराचा वेळ हातात असतो, कधी थोडा जास्त, म्हणून तारखेची वाट न बघता आत्ताच सुरू करा. तुमच्या घरासाठी मी असं सांगेन: कागद शोधायला एक आठवडा द्या, जे सापडेल ते सापडेल. मग चौघांनी एकाच दिवशी इथं येऊन एमएमआर, कांजिण्या आणि हिपॅटायटीस बी घ्यायची, तुम्ही दोघांनी आणि मुलीनं टीडॅप पण, आणि कागद सापडले नाहीत तर मुलीनं पोलिओची पण. कांजिण्या होऊन गेल्याचं ज्याला पक्कं आठवतंय त्यानं ती सोडायची. महिन्यानं दुसरे डोस, मुलाला हिपॅटायटीस बी चा मात्र दुसरा नाही, आणि मुलाची कांजिण्यांची दुसरी लस तीन महिन्यांनी कारण तो तेराच्या आत आहे. मधेच तारीख आली तर जेवढं झालं तेवढं घेऊन जायचं. मेनिन्जायटीस आणि फ्लू तिथं. असं केलं की मेडिकलच्या दिवशी फारतर एखाद-दुसरी सुई उरते.

प्रत्येक सुईची नोंद एका कार्डावर, त्यात लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, तारीख, डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, आम्ही चिकटवतोच. आणि तारीख कळेल अशी, महिना अक्षरात लिहून घ्या, कारण ०५/०४ म्हणजे आपल्याकडं पाच एप्रिल आणि तिकडं चार मे.

एका विषयावर जरा कडक बोलतो. "सर, मागच्या तारखेचं कार्ड बनवून द्या ना, सगळं झालंय असं लिहा" हे मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी म्हणतंच, कधी ओळखीचे, कधी सरपंचाची चिठ्ठी घेऊन. मी देत नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तरी तुम्ही घेऊ नका. नव्याकोऱ्या कार्डावर एकाच पेनानं, एकाच हस्ताक्षरात दहा वर्षांच्या तारखा बघितल्या की पॅनेल डॉक्टरला लगेच कळतं, ते वर्षानुवर्षं हेच बघायलेत. आणि अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी खोटा कागद दिला असं ठरलं तर कायमची बंदी लागू शकते. जी लस काही शे-हजारात आणि पाच मिनिटात खरीच मिळते तिच्यासाठी २००६ पासून थांबलेली फाइल पणाला लावायची का? कागद नसला तर नाही म्हणा, परत टोचून घ्या. घेतलेली लस परत घेतल्यानं एमएमआर, कांजिण्या किंवा हिपॅटायटीस बी चा काही अपाय होत नाही.

पॅनेल डॉक्टर फक्त मुंबईतच असतात असा समज आहे. इंटरव्ह्यू मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, पण मेडिकल यादीतल्या दुसऱ्या शहरातही करता येतं, आणि यादीत हैदराबादही असतं. उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं, पाहुणेरावळे पण तिकडं असतात. यादी बदलत राहते म्हणून वकिलातीच्या साइटवरची ताजी बघूनच अपॉइंटमेंट घ्या. रिपोर्ट इंटरव्ह्यूच्या आधी पोचला पाहिजे एवढा वेळ ठेवा. आणि फार लवकर पण करू नका, मेडिकल साधारण सहा महिनेच चालतं आणि व्हिसाची मुदतही त्याला बांधलेली असते.

कोविडची लस अजून पण लोक विचारायलेत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ती लागायची, २०२५ मध्ये काढून टाकली. कोविनचं सर्टिफिकेट न्यायची गरज नाही, नेलं तरी कुणी रागवत नाही.

कुणाला धर्माच्या किंवा तत्त्वाच्या कारणानं लसच घ्यायची नसेल तर त्याला वेगळा अर्ज आहे, आय-६०१, फी भरून. पण त्यात तुमचा विरोध सगळ्याच लसींना आहे, एखाद्या लसीला नाही, आणि तो मनापासूनचा आहे हे पटवून द्यावं लागतं. सुईची भीती वाटते हे कारण त्यात बसत नाही.

या प्रश्नासोबत नेहमी येणारे अजून दोन-तीन उरकतो. मुलगा-सुनेकडं ग्रीन कार्डवर जाणाऱ्या आईवडिलांना पण हेच मेडिकल आहे, वयस्करांना त्यात न्यूमोनियाची लस जास्तीची, आणि ६० पासून हिपॅटायटीस बी नाही. टूरिस्ट व्हिसावर बाळंतपणाला जाणाऱ्या आज्जीला मेडिकलही नाही आणि लसींचा पुरावाही नाही. शिकायला एफ-१ वर जाणाऱ्या पोरांना व्हिसासाठी काही लागत नाही पण युनिव्हर्सिटी स्वतःचा फॉर्म पाठवते, त्यात बहुतेक वेळा एमएमआरचे दोन डोस आणि टीबीची टेस्ट असते, मेनिन्जायटीस पण बऱ्याच ठिकाणी. तो फॉर्म ऑगस्टमध्ये विमानात बसायच्या आठवड्यात माझ्याकडं घेऊन येतात, मे महिन्यात आणा की. कॅनडाच्या इमिग्रेशन मेडिकलला लसींची अट नाही. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त जायचं तर फक्त टीबीचं सर्टिफिकेट. जे आधीच अमेरिकेत आहेत आणि तिथूनच ग्रीन कार्डला अर्ज करायलेत त्यांचा डॉक्टर वेगळा, त्याला सिव्हिल सर्जन म्हणतात (आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनशी त्याचा संबंध नाही, एक जण खरंच तिथं जाऊन आले होते), आणि फॉर्म आय-६९३, तो डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ या ग्रीन कार्डच्या अर्जासोबतच जोडावा लागतो. लसींची यादी मात्र तीच.

शेवटी मेडिकल झाल्यावर डीएस-३०२५ ची तुमची प्रत मागून घ्या आणि चौघांच्या चार झेरॉक्स काढून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. तिकडं गेल्यावर पहिल्या आठवड्यात लेकरांच्या शाळेत हेच कागद मागतात, प्रत्येक राज्याचा शाळेचा नियम वेगळा आहे, आणि उरलेले डोस तिथं इन्शुरन्स चालू व्हायच्या आधी घ्यायची वेळ आली तर खिशाला चांगलंच लागतं. म्हणून वेळ असेल तर दुसरे डोस इथंच उरकून जा. मुलाचं कार्ड पहिल्यांदा पाठवा, पाच वर्षाचा बूस्टर झालाय का ते मला बघू द्या, बाकीचं फोनवर ठरवू.